आकडा वर जातो, तो परत खालीही यायला हवा

प्रश्न थोडक्यात असा. नवी मुंबईतल्या एका नागरी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी विचारतात: "आम्ही दर महिन्याला चार-पाच पोर्टलवर माहिती भरतो. वरच्या कार्यालयात त्याचे डॅशबोर्ड आहेत, पण आमच्या रोजच्या कामात त्याचा काही उपयोग होताना दिसत नाही. आता केंद्राची माहिती आलेखांच्या रूपात लोकांसमोर लावा, असं सांगितलं जातंय. स्टाफ घाबरलाय. आकडे वाईट दिसले तर बोल आम्हालाच बसणार, असं त्यांना वाटतं. सुरुवात कुठून करू? काय दाखवू, काय नको?"

डॉक्टर, स्टाफची भीती तुम्ही झाकून ठेवली नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ती भीती खरी आहे. आपल्याकडे आजवर आकडा मागितला गेला तो बहुतेक वेळा जाब विचारायलाच. मी बावीस वर्षं ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात आरोग्याच्या माहितीचं काम करतोय. सुरुवात केली तेव्हा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कार्बन लावून लिहिलेले अहवाल यायचे आणि आम्ही कॅल्क्युलेटर घेऊन बेरजा करत बसायचो. २००८ मध्ये केंद्रांच्या मासिक अहवालांसाठी एचएमआयएस पोर्टल आलं, २०१२ मध्ये क्षयरोगासाठी निक्षय आलं, २०२१ पासून साथरोगांची माहिती आयएचआयपी पोर्टलवर जाऊ लागली, लसीकरणासाठी आता यू-विन आहे. बेरजा आपोआप व्हायला लागल्या. पण आकड्याची वाट तीच राहिली. तो खालून वर जातो आणि वरच राहतो. ज्या एएनएमने, म्हणजे वस्तीत फिरणाऱ्या परिचारिकेने, उन्हात फिरून रजिस्टर भरलं, तिला तिच्याच आकड्यांचा आलेख कधी बघायला मिळत नाही. म्हणून माझं म्हणणं एकच आहे: आलेख आधी रजिस्टर भरणाऱ्यांना दाखवा, त्यांच्याकडून तपासून घ्या, आणि मगच लोकांसमोर लावा. हा क्रम पाळला की स्टाफची निम्मी भीती तिथेच जाते आणि आकड्यांतल्या निम्म्या चुकाही.

दिघ्याच्या बाजूच्या एका केंद्रातला अनुभव सांगतो. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित, लशीचे तीन डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात. पहिला डोस घेतलेल्या मुलांपैकी किती जण तिसऱ्यापर्यंत पोचले नाहीत, याला आपण ड्रॉपआउट म्हणतो, आणि तो दहा टक्क्यांच्या वर गेला की मीटिंगमध्ये नाव निघतं. त्या केंद्राचं नाव दोन-तीन वेळा निघालं होतं. "पालक सहकार्य करत नाहीत" हे उत्तर ठरलेलं होतं. मी गेलो तेव्हा बरोबर एक मोठा चार्ट पेपर नेला. लशी ठेवायच्या फ्रिजच्या (आयएलआर) शेजारच्या भिंतीवर तो चिकटवला. आडव्या रेघेवर एप्रिल ते मार्च असे बारा महिने, उभ्या रेघेवर मुलांची संख्या. वर्षाचं उद्दिष्ट बाराने भागून कोपऱ्यातून वर चढणारी एक पेन्सिलीची रेघ. मग तिथल्या सिस्टरांनी मागच्या वर्षाच्या रजिस्टरमधून पेंटा-१ चे आकडे काढले. दर महिन्याचा आकडा आधीच्या बेरजेत मिळवायचा आणि निळ्या स्केचपेनने ठिपका द्यायचा. पेंटा-३ साठी लाल.

अर्धा तास लागला. दोन्ही रेघा वर चढत गेल्या आणि त्यांच्यामध्ये एक फट दिसायला लागली. सिस्टर मागे सरकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, ही फट वर्षभर वाढत नाहीये. ती मे-जूनमध्येच पडते. तेव्हा बायका गावाला असतात." मग दोघी आशाताई बोलू लागल्या. कोणी जालन्याला, कोणी सोलापूरकडे, कोणी उत्तर प्रदेशात जातं. शाळा सुरू व्हायच्या आधी परत येतात. काहींच्या बाळांना गावाकडे डोस मिळालेला असतो, पण माता-बाल संरक्षण कार्ड गावीच राहतं, मग इथल्या रजिस्टरमध्ये तो रकाना रिकामाच. म्हणजे फटीचा एक भाग चुकलेल्या डोसांचा होता आणि एक भाग नुसता कागदावरचा. "पालक सहकार्य करत नाहीत" यातलं काहीच त्यात नव्हतं.

त्यावर उपाय कोणा सल्लागाराने सुचवला नाही. तो त्या तिघींनीच ठरवला. एप्रिलच्या पहिल्या सत्रात प्रत्येक आईला विचारायचं, गावाला कधी निघताय. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्यायचं आणि पुढच्या डोसची तारीख मोठ्या अक्षरात लिहायची. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ड्यू लिस्ट, म्हणजे डोस बाकी असलेल्या मुलांची यादी, घेऊन घरोघरी एक फेरी मारायची आणि महिना संपायच्या आत एक जादा सत्र लावायचं. पुढच्या वर्षी जुलैत ती फट बोटभर उरली होती. टक्केवारी त्याच केंद्रातून दर महिन्याला वरच्या कार्यालयात जात होती. तिच्यात मे महिना दिसत नव्हता, भिंतीवर दिसला.

हा तक्ता माझा शोध नाही. लसीकरणाच्या प्रशिक्षणात तो वर्षानुवर्षं शिकवतात आणि कित्येक केंद्रांत तो लावलेलाही असतो, पण अहवाल पाठवून झाल्यावर, तपासणीच्या आदल्या दिवशी भरलेला. हाताने, ज्याच्या त्याने, महिन्याच्या महिन्याला भरला तरच तो बोलतो. संगणकावर आलेख देखणा होतो हे खरं, पण ठिपका स्वतः देताना माणूस थांबतो, मागचा ठिपका बघतो. म्हणून पहिलं वर्षभर तरी तुम्ही कागदच वापरा, असं मी म्हणेन.

आता नकाशाबद्दल, कारण नवी मुंबईत नकाशा काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. शहर आखीव आहे, वाशी, नेरूळ असे नोड (उपनगरं) आहेत, सेक्टर आहेत, त्यामुळे रुग्णांचे पत्ते नकाशावर टाकणं सोपं वाटतं. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात डेंग्यूच्या संशयित रुग्णांचा असाच नकाशा आम्ही केला आणि वाशीचा एक सेक्टर लालभडक झाला. फवारणीची टीम दोन दिवस तिथे राबली. कंटेनर तपासले, टेरेसवरच्या टाक्या पाहिल्या, फारसं काही सापडलं नाही. शेवटी मी लाइन लिस्ट, म्हणजे रुग्णांची एकेक नोंद असलेली यादी, उघडून एकेक पत्ता वाचायला घेतला. बऱ्याच ओळींत नुसतं लिहिलं होतं, "सेक्टर ९, नवी मुंबई". आता सेक्टर ९ वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे, ऐरोलीत आहे, कोपरखैरण्यात आहे. प्रत्येक नोडचे सेक्टर एकपासून सुरू होतात. सॉफ्टवेअरला हे कुठून कळणार? त्याने पहिलं सापडलेलं सेक्टर ९ उचललं आणि चार नोडचे रुग्ण एका जागी आणून ठेवले. ती चूक माझी होती. पत्ते न वाचता मी नकाशा पुढे पाठवला होता.

त्याहून मोठी चूक नकाशाच्या दुसऱ्या टोकाला होती आणि ती दिसायला अजून एक आठवडा गेला. दिघा, तुर्भे स्टोअर, इंदिरानगर हा भाग पांढरास्वच्छ होता. एकही ठिपका नाही. बैठकीत कोणीतरी समाधानही व्यक्त केलं. प्रत्यक्षात तिथले पत्ते "खदानीच्या वरच्या बाजूला, शौचालयाच्या मागे" असे होते आणि सॉफ्टवेअरने ते सापडले नाहीत म्हणून गाळून टाकले होते. ज्या वस्तीला नळ नाही, जिथे पाणी पिंपात भरून ठेवतात, जिथे डास होणारच, तीच वस्ती नकाशावर निरोगी दिसत होती. ज्यांच्याकडे पत्ता नाही त्यांचा आजारही दिसत नाही, हे त्या दिवशी मला इतकं लागलं की तेव्हापासून कुठलाही नकाशा मी एका ओळीशिवाय बाहेर जाऊ देत नाही: "नकाशावर न बसलेले रुग्ण: इतके". ती संख्या एकूण रुग्णांच्या दहाव्या हिश्शाहून जास्त असेल तर नकाशा काढूच नका, वॉर्डनिहाय साधा तक्ता द्या. तुमच्या ओपीडीच्या रजिस्टरमध्ये नोड आणि सेक्टर यांचे दोन वेगळे रकाने आखा. गावठाण आणि झोपडपट्टीसाठी पत्त्याऐवजी आशाताईंचा विभाग क्रमांक लिहा. आशाला तिची घरं तोंडपाठ असतात. तो पत्ता कुठल्याही उपग्रहापेक्षा पक्का असतो.

डॉक्टर जॉन स्नोचा लंडनचा नकाशा तुम्ही कॉलेजात पाहिला असेल. १८५४ ची पटकीची (कॉलऱ्याची) साथ, ती पसरवणारा ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप. शिकवताना आपल्याला मृत्यू कुठे झाले ते दाखवतात. मला त्यातली जास्त शिकवणारी जागा वाटते ती पंपाजवळच्या अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसची. तिथे पाचशेहून अधिक माणसं राहत होती आणि पटकीने गेली ती फक्त पाच. का, तर त्यांची स्वतःची विहीर होती. मृत्यू जवळजवळ नसलेल्या त्या जागेनेच पंपावरचा संशय पक्का केला. तुमच्या हद्दीत जुलाब-काविळीचे रुग्ण वाढले तर रुग्णांच्या नकाशावर पाण्याची लाइन काढा: कुठे मोरबे धरणाचं पाणी येतं, कुठे एमआयडीसीचं, कुठे टँकर, कुठे बोअर. आणि शेजारचीच एखादी चाळ पूर्ण सुटली असेल तर आधी तिथे जा. पाणीपुरवठ्याच्या ज्युनिअर इंजिनिअरला बोलावून त्याच्यासमोर तो कागद पसरा. डॉक्टरने पत्र लिहून जे होत नाही ते वाल्व कुठला हे बोटाने दाखवलं की होतं.

लोकांसमोर जाण्याआधी आकड्याखालची संख्या, म्हणजे ज्याने भागलं तो छेद, नीट तपासा. आपल्याकडे घोळ बहुतेक तिथेच असतो. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या ११ लाखांच्या थोडी वर होती, ठाणे महापालिकेची १८ लाख ४० हजारांच्या घरात. त्यानंतरची जनगणना २०२१ ला झालीच नाही. दरम्यान घणसोलीत किती टॉवर उभे राहिले, घोडबंदर रोडला किती माणूस राहायला आला, ते तुम्ही रोज बघता. जुन्या लोकसंख्येने भागलं तर लसीकरण शंभर टक्क्यांच्या वर जातं आणि रोगाचा दरही फुगतो. असं झालं की आकडा लपवू नका. छेद कुठला आणि कुठल्या वर्षाचा, ते आलेखाखाली लिहा. तुमच्या आशांनी केलेलं घरोघरचं सर्वेक्षण असेल तर तेच वापरा.

ठाणे जिल्ह्याच्या जुन्या आलेखांत तर एक खड्डाच आहे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा, डहाणू, तलासरी, वसई आणि पालघर हे आठ तालुके गेले. जव्हार-मोखाड्यातलं कुपोषण महाराष्ट्राला ठाऊक आहे. मी २०१० ते २०१८ अशी बालमृत्यूंची सलग रेघ काढलेली सादरीकरणं पाहिली आहेत, ज्यात २०१४ नंतर रेघ खाली येते आणि शेजारी लिहिलेलं असतं "लक्षणीय सुधारणा". मुलं वाचली नव्हती, जिल्ह्याची हद्द बदलली होती. तुमच्या केंद्राचंही असंच होऊ शकतं: एखादी वस्ती शेजारच्या केंद्राला जोडली, नवीन केंद्र सुरू झालं, तपासणीचं किट बदललं. अशा प्रत्येक तारखेला आलेखावर एक उभी तुटक रेघ मारा आणि कारण लिहा. दोन वर्षांनी तुमची बदली झाल्यावर येणारा डॉक्टर तुम्हाला दुवा देईल.

हिवतापात छेदाचा प्रश्न उलट्या बाजूने येतो. रुग्ण कमी झाले म्हणून आनंद मानायच्या आधी रक्तनमुने किती घेतले ते बघा. वर्षाला लोकसंख्येच्या निदान दहा टक्के नमुने तपासावेत, असा जुना दंडक आहे. बहुउद्देशीय कर्मचारी रजेवर गेला, स्लाइड संपल्या, की रुग्ण आपोआप "कमी" होतात. म्हणून हिवतापाचा आलेख कधीही एकटा लावू नका. वर नमुन्यांचे खांब, खाली त्यांतल्या पॉझिटिव्हची टक्केवारी, दोन्ही एकाच कागदावर.

डेंग्यूच्या आकड्यांवरून तर दर सप्टेंबरला भांडण होतं. सोसायटीचे लोक म्हणतात आमच्या एकाच इमारतीत सहा जणांना डेंग्यू झाला, आणि महापालिकेच्या आकड्यात अख्ख्या वॉर्डात तीन. लोकांना वाटतं, लपवतात. खरी गोष्ट अशी की खासगी दवाखान्यात बहुतेक वेळा झटपट निकाल देणाऱ्या रॅपिड किटवर तपासणी होते आणि सरकारी कार्यक्रमात प्रयोगशाळेतल्या एलायझा चाचणीने पक्का झालेलाच रुग्ण "निश्चित" धरला जातो. एलायझातही तापाच्या पहिल्या पाच दिवसांत विषाणूचा अंश शोधणारी एनएस-१, त्यानंतर प्रतिपिंड शोधणारी आयजीएम. रॅपिड पॉझिटिव्ह असलेल्या कित्येकांचा नमुना एलायझापर्यंत पोचतच नाही. यावर माझा अनेक वर्षांचा आग्रह आहे की दोन्ही आकडे शेजारी शेजारी दाखवावेत, "संशयित" आणि "निश्चित", आणि खाली दोन ओळींत फरक सांगावा. एकच छोटा आकडा दाखवला की लोक त्यावर विश्वास ठेवत नाहीत आणि पुढच्या वेळी फवारणीवाल्याला दारही उघडत नाहीत.

तारखेचंही तसंच. १६ जून २०२० ला राज्याच्या कोविडच्या आकड्यांत आधी नोंद न झालेल्या १,३२८ मृत्यूंची एका दिवसात भर पडली. ती भर टाकणं योग्यच होतं. पण ज्यांनी नोंदीच्या तारखेवर आलेख काढले त्यांच्या रेघेला त्या दिवशी एक कडा उभा राहिला, जणू एका रात्रीत एवढी माणसं गेली. घटना कधी घडली आणि नोंद कधी झाली या दोन तारखा वेगळ्या ठेवा. रजिस्टरमध्ये दोन्हीला जागा हवी. आणि प्रत्येक आलेखावर, फलकावर, "ही माहिती अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंतची" हे हवंच. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझ्या शेजारचे काका संकेतस्थळावर मोकळा बेड बघून ऑक्सिजन लावलेल्या भावाला घेऊन रिक्षातून निघाले. पोचल्यावर कळलं की तो आकडा सकाळचा होता. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते सगळं मला अजून आठवतं. माहिती चार तास जुनी आहे एवढं लिहिलं असतं, तरी त्यांनी आधी फोन केला असता.

आता स्टाफच्या भीतीचं मूळ. वर-खाली होणारे लहान आकडे. समजा एका माता-बाल रुग्णालयात महिन्याला ४० प्रसूती होतात. एका महिन्यात ६ सिझेरियन, पुढच्या महिन्यात १०. टक्केवारी १५ वरून २५ वर गेली. मीटिंगमध्ये कोणीतरी विचारणारच, दहा टक्के वाढ का? उत्तर शोधत बसण्यासारखं त्यात काही नसतं. चार बायांचा फरक आहे. पाऊस जसा रोज सारखा पडत नाही तसं हे. या साध्या गोष्टीवर अमेरिकेतल्या वॉल्टर शुहार्टने १९२४ मध्ये कारखान्यातल्या मालासाठी नियंत्रण आलेख मांडला, आणि तोच आज रुग्णालयांत वापरतात. तुम्हाला एवढं गणित नको. दर महिन्याचे ठिपके मांडा, निदान बारा-पंधरा. त्यांचा मध्यक काढा, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या, आणि तिथे आडवी रेघ मारा. लागोपाठ सहा ठिपके रेघेच्या एकाच बाजूला आले, किंवा लागोपाठ पाच ठिपके चढतच गेले, तर काहीतरी खरोखर बदललंय. तोवर कोणालाही मेमो देऊ नका आणि कोणाचा सत्कारही करू नका. हा नियम तुमच्या वरिष्ठांना एकदा बसवून समजावा. दोन महिन्यांची तुलना करणारा लाल-हिरवा बाण हा डॅशबोर्डवरचा सगळ्यात अन्यायकारक भाग आहे. माझं चाललं तर मी तो काढूनच टाकीन.

रुग्णालयांची एकमेकांशी तुलना करताना आणखी जपा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात ठाण्याचेच रुग्ण येतात असं नाही. भिवंडी, शहापूर, मुरबाड, पार पालघर जिल्ह्यातूनही येतात, आणि बऱ्याचदा शेवटच्या क्षणी. जिथून रेफर केलं त्या ठिकाणी मृत्यूंची संख्या शून्य राहते आणि जिथे आणलं तिथे ती वाढते. दाखल झाल्यापासून २४ तासांच्या आतले मृत्यू आणि नंतरचे मृत्यू वेगळे दाखवले, रेफर होऊन आलेले वेगळे दाखवले, तर चित्र न्याय्य होतं. शिवाय रुग्ण किती वेळ रस्त्यात होता हेही समोर येतं, जे आजच्या कुठल्याच आलेखात नाही. न्यूयॉर्क राज्याने १९९० च्या सुमारास बायपास शस्त्रक्रियेतल्या मृत्यूंचे आकडे रुग्णालयनिहाय आणि पुढे सर्जननिहाय जाहीर करायला सुरुवात केली. मृत्यू कमी झाले, पण काही सर्जन फार गंभीर रुग्ण घ्यायला कचरतात अशी तक्रारही तेव्हापासून आहे. उघडपणाचा हा धोका खरा आहे. सिझेरियनसाठी त्यावर चांगला तोडगा निघाला आहे: रॉबसन वर्गीकरण. पहिलटकरीण की आधी बाळंत झालेली, आधी सिझेरियन झालं होतं का, बाळ पायाळू आहे का, कळा आपसूक आल्या की आणाव्या लागल्या, अशा गोष्टींवरून प्रत्येक बाईला दहापैकी एका गटात टाकायचं आणि गट-गटाची तुलना करायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये त्याची शिफारस केली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशात खासगी रुग्णालयांतल्या प्रसूतींपैकी ४७.४ टक्के सिझेरियन होत्या आणि सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. हा फरक केवळ गुंतागुंतीच्या केसेस खासगीत जातात म्हणून असेल असं मला अजिबात वाटत नाही, पण तसं ठामपणे म्हणायला गटवार आकडे लागतील. ते आपल्या शहरांत प्रत्येक प्रसूतिगृहाने जाहीर करावेत, असं मला मनापासून वाटतं.

मृत्यूच्या कारणाबद्दल एकच ओळ. प्रमाणपत्राच्या फॉर्म ४ आणि ४ए मध्ये "कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट" लिहू नका. हृदय आणि श्वास सगळ्यांचाच थांबतो. कशामुळे थांबला ते लिहिलं नाही तर शहराला आपली माणसं कशाने मरतात हे कधीच कळणार नाही.

लोकांना काय दाखवायचं, या तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. केंद्राच्या दारात उभ्या असलेल्या बाईला ड्रॉपआउट रेट नको असतो. तिला हवं असतं: आज डॉक्टर आहेत का, सोनोग्राफीला कुठे आणि कधी पाठवतात, लोहाच्या गोळ्या आहेत का, कुत्रा चावल्यावरची लस आहे का, साधारण किती वेळ बसावं लागेल. म्हणून पहिला फलक औषधांचा लावा. वीस नेहमीची औषधं, प्रत्येकासमोर महिन्याचे दिवस, आणि औषध नव्हतं तो चौकोन काळा. ई-औषधी या सरकारी संगणक प्रणालीवर साठा दिसतो, पण तो स्टोअरचा. खिडकीवर गोळी मिळाली की नाही हे फार्मासिस्टच सांगू शकतो. हा फलक लावला की तुमच्या स्टाफला पहिल्यांदा जाणवेल की उघड माहिती आपल्या बाजूनेही बोलते. औषध का नाही म्हणून रोज शिव्या खाणारा फार्मासिस्ट त्या काळ्या चौकोनांकडे बोट दाखवू शकतो, आणि नगरसेवकही ते बघतो.

हे आपल्याकडे नवीन नाही. २००७ मध्ये महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं, तेव्हाच्या पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होतं. गावकऱ्यांनी आरोग्यसेवेला गुण द्यायचे आणि हिरव्या, पिवळ्या, लाल रंगात तो तक्ता चारचौघांत लावायचा, मग जनसुनवाई. अक्षरओळख नसलेली आजीही लाल खूण बघून विचारायची, "हे का लाल?" रंगांबरोबर एक सूचना: काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, म्हणून रंगाशेजारी खूणही द्या, बरोबर, फुली, काहीही. खासगी रुग्णालयांनाही २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. तुमच्या हद्दीतल्या नर्सिंग होमला भेट द्याल तेव्हा ते भिंतीवर आहे का आणि मराठीत आहे का, तेवढं पाहा.

काय दाखवायचं नाही, त्यात माझी मर्यादा कडक आहे. पाचपेक्षा लहान आकडा वस्तीच्या नावासह कधीही लावू नका. "अमुक चाळ, क्षयरोग: १" असं लिहिलं की चाळीला नाव सांगावं लागत नाही. एचआयव्हीची कुठलीच माहिती वस्तीनिहाय नको. २०१७ चा कायदा तर आहेच, पण कायदा नसता तरी नको. २०२० मध्ये पॉझिटिव्ह रुग्णांच्या याद्या, फ्लॅट नंबरासकट, सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत होत्या. एका नर्सला तिच्याच इमारतीत लिफ्ट वापरू दिली नाही. तिने मला विचारलं होतं, "ही यादी बाहेर गेली कुठून?" तिला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तेव्हापासून नावाची लाइन लिस्ट मी मेलवर किंवा ग्रुपवर पाठवत नाही, कोणीही मागितली तरी.

तर या महिन्यात एवढंच करा. एक चार्ट पेपर, पेंटा-१ आणि पेंटा-३. ठिपके सिस्टरांनीच द्यायचे, तुम्ही शेजारी बसून रजिस्टर वाचायचं. पहिले तीन महिने तो आतल्या खोलीतच राहू द्या. महिन्याच्या मीटिंगमध्ये पंधरा मिनिटं फक्त त्याच्यासमोर उभं राहायचं आणि आशांना बोलू द्यायचं. चौथ्या महिन्यात स्टाफला विचारा, बाहेर लावूया का. माझ्या अनुभवात तोवर त्याच "लावा" म्हणतात, कारण तोवर प्रत्येक खाच-खळग्याचं कारण त्यांना सांगता येतं. बाहेर औषधांचा फलक मात्र पहिल्या दिवसापासून चालेल. नोड, सेक्टर आणि आशा विभाग यांचे रकाने असलेला ओपीडी रजिस्टरचा नमुना मी मराठीत करून पाठवतो. पहिले सहा ठिपके बसले की तक्त्याचा फोटो पाठवा, आपण दोघं मिळून वाचू.